मेलचे फोल्डर झटपट कसे बदलायचे? आधी फोनवर, मग लॅपटॉपवर

(या भागाचं लेखी रूप. बोलताना आलेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी गप्पा तशाच ठेवल्या आहेत.)

आजचा भाग ऐकताना जमलं तर फोन हातात ठेवा, कारण मी सांगत जाईन तसं तुम्ही करून बघायचं आहे. लोकलमध्ये दाराशी उभे असाल तर मात्र अजिबात नको, नुसतं ऐका. सगळ्या पायऱ्या इथे लिहून ठेवल्या आहेत, घरी गेल्यावर बघा.

आजचा विषय अगदी साधा आहे. ईमेलमध्ये एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात पटकन कसं जायचं? ऐकल्यावर वाटेल, यात काय एवढं? तीन रेघांवर बोट ठेवायचं, यादी उघडते, हवा तो फोल्डर दाबायचा. झालं की!

झालं खरं, पण आपण ते किती वेळा करतो? तुम्ही शेवटचं स्पॅम कधी उघडलं होतं, आठवतंय का? प्रमोशन्समध्ये कधी गेला होतात?

नोकरी शोधणाऱ्या मुलामुलींचं उदाहरण घ्या. अर्ज एका पोर्टलवरून जातो आणि उत्तर येतं भलत्याच पत्त्यावरून. असा अनोळखी पत्ता, त्यात एकाच वेळी शेकडो जणांना गेलेला मेल. मग जीमेल त्याला कधी अपडेट्समध्ये टाकतं, कधी प्रमोशन्समध्ये, कधी थेट स्पॅममध्ये. मेलमध्ये लिहिलेलं असतं, उद्या सकाळी अकरा वाजता, या लिंकवर. तुम्ही दिवसातून दहा वेळा इनबॉक्स उघडून बघताय आणि मेल शेजारच्या खोलीत पडलाय.

आपण शेजारच्या खोलीत का जात नाही? कारण जायला कंटाळा येतो. यादी उघडा, खाली सरकवा, शोधा, परत या. जिथे जायला चार पायऱ्या लागतात तिथे आपण रोज जात नाही. म्हणून आजच्या भागात वेगाबद्दल बोलतोय. दोन सेकंद वाचले काय, न वाचले काय, पण जाणं सोपं झालं की आपण खरंच जाऊन बघतो, आणि फायदा तिथे आहे.

फोल्डर आणि लेबल, एकच का?

पुढचं सगळं यावर अवलंबून आहे, म्हणून दोन मिनिटं इथे थांबतो.

आउटलुक किंवा थंडरबर्डमध्ये फोल्डर म्हणजे खरंच कपाटातला खण. मेल एका खणात असतो. दुसऱ्यात हलवला की पहिल्यातून गेला.

जीमेलचं तसं नाही. २००४ च्या १ एप्रिलला जीमेल आलं, तेव्हापासून तिथे फोल्डरऐवजी लेबल आहेत. लेबल म्हणजे चिठ्ठी. एकाच मेलवर दोन, तीन, पाच चिठ्ठ्या लावता येतात. ‘कॉलेज’ आणि ‘फी’ या दोन्ही लेबलांखाली तोच मेल दिसतो, पण मेल एकच असतो. इतकंच काय, इनबॉक्स हीसुद्धा एक चिठ्ठीच आहे. तुम्ही मेल अर्काइव्ह करता तेव्हा फक्त इनबॉक्सची चिठ्ठी निघते. मेल कुठे जातो? कुठेच जात नाही, ‘ऑल मेल’मध्ये असतोच.

याचे दोन परिणाम लक्षात ठेवा. पहिला, जीमेलच्या यादीत अर्काइव्ह नावाचा फोल्डर शोधत बसू नका, ‘ऑल मेल’ बघा. अँड्रॉइडवर मेल बोटानं बाजूला सरकवला की तो मुळात अर्काइव्हच होतो, म्हणून ‘मेल गायब झाला’ वाटतं तेव्हा बहुतेक वेळा तो तिथेच सापडतो. दुसरा, एका लेबलाखाली मेल उघडून डिलीट केलात तर तो त्या लेबलातूनच नाही, सगळीकडूनच ट्रॅशमध्ये जातो. नुसती चिठ्ठी काढायची असेल तर डिलीट वापरू नका, लेबलं बदलायच्या पर्यायात जाऊन समोरची खूण काढा.

फोल्डर उघडला की ते गोल चक्र का फिरतं?

कॉलेजचा किंवा ऑफिसचा मेल फोनच्या दुसऱ्या एखाद्या ॲपमध्ये जोडला असेल तर तुम्ही हे बघितलं असेल. इनबॉक्स लगेच दिसतो, दुसरा फोल्डर उघडला की चक्र फिरत राहतं.

मेल ॲप आणि सर्व्हर यांच्या बोलण्याची एक ठरलेली पद्धत आहे, तिचं नाव आयमॅप. मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्डला असताना ती तयार केली. तिचा मोठा फायदा असा की मेल आणि फोल्डर सर्व्हरवर राहतात, त्यामुळे फोनवर आणि लॅपटॉपवर तेच फोल्डर दिसतात. पण या पद्धतीत एका जोडणीवर एका वेळी एकच फोल्डर उघडलेला असतो. तुम्ही दुसरा दाबला की ॲप सर्व्हरला सांगतं, आता हा उघड, आणि मग त्याची यादी मागवतं. नेटवर्क कच्चं असेल तर तिथे वेळ जातो.

यातून आणखी एक गोष्ट होते, आणि ती जास्त महत्त्वाची आहे. बरीच ॲप्स नव्या मेलसाठी फक्त इनबॉक्सवर कान लावून बसतात. तुम्ही हौसेनं फिल्टर लावला की प्लेसमेंट सेलचे मेल थेट ‘प्लेसमेंट’ फोल्डरात जाऊ देत. मेल आला, फोल्डरात गेला, पण फोन वाजलाच नाही! फिल्टरनं व्यवस्था छान लागली, बातमी मात्र उशिरा कळली. यावरचा उपाय पुढे सांगतो.

फोनवर: चार थांबे ठरवा

मुंबईची फास्ट लोकल सगळ्या स्टेशनांवर थांबत नाही, मोजक्याच ठिकाणी थांबते. मेलचंही तसंच करायचं. तुमचे चार थांबे ठरवा. माझे सांगतो: इनबॉक्स, स्टार्ड, एक कामाचं लेबल आणि स्पॅम. तुमचे वेगळे असतील. चाराच्या वर शक्यतो जाऊ नका.

आता हे थांबे हाताशी कसे आणायचे ते बघू.

एक, नावाआधी आकडा लावा. तुम्ही बनवलेली लेबलं जीमेलच्या यादीत अक्षरांच्या क्रमानं लागतात. महत्त्वाच्या लेबलाच्या नावाआधी इंग्रजी शून्य किंवा एक लिहिला की ते आपल्या लेबलांमध्ये सगळ्यात वर येतं. यादी सरकवण्याचं काम कमी झालं. हे नाव बदलणं लॅपटॉपवर सोपं जातं, आणि एकदा बदललं की फोनवरही तेच दिसतं.

नाव मराठीत ठेवू की इंग्रजीत? ठेवा हवं त्यात, पण ज्या कीबोर्डवर तुम्ही एरवी टाइप करता त्यातच ठेवा. लेबल ‘कॉलेज’ असं देवनागरीत आणि कीबोर्ड कायम इंग्रजीवर, असं असेल तर प्रत्येक वेळी आधी भाषा बदला, मग शोधा. तेवढ्यात बस येते.

दोन, होम स्क्रीनवर विजेट ठेवा. अँड्रॉइडवर मोकळ्या जागी बोट दाबून धरा, विजेट्समध्ये जीमेल शोधा आणि ओढून आणा. ठेवताना कोणतं लेबल दाखवायचं ते विचारलं जातं. तिथे इनबॉक्स न निवडता तुमचं कामाचं लेबल निवडा. आता ॲप न उघडताच तो फोल्डर समोर दिसतो.

तीन, खातं बदलायला फोटोवर बोट फिरवा. दोन-तीन खाती असलेल्यांसाठी ही छोटी पण कामाची गोष्ट आहे. जीमेल ॲपमध्ये वर उजव्या कोपऱ्यात तुमचा गोल फोटो असतो. त्यावर बोट वर किंवा खाली सरकवा, पुढचं खातं उघडतं. आणि सगळ्या खात्यांचे मेल एकत्र बघायचे असतील तर तीन रेघांच्या यादीत सगळ्यात वर ‘ऑल इनबॉक्सेस’ आहे.

चार, सर्चला फोल्डरचं नाव सांगा. वरच्या सर्चपट्टीत इंग्रजीत ‘इन’ लिहा, लगेच कोलन, म्हणजे एकावर एक दोन टिंबं, आणि लगेच ‘स्पॅम’. मध्ये जागा सोडायची नाही. एंटर केलं की तुम्ही थेट स्पॅममध्ये. ‘स्पॅम’च्या जागी ‘सेंट’ लिहा, पाठवलेले मेल येतात. जीमेलचं नेहमीचं सर्च स्पॅम आणि ट्रॅशमध्ये शोधतच नाही, त्यामुळे ‘सर्च करून बघितलं, मेल आलाच नाही’ यावर विश्वास ठेवू नका. ‘इन’, कोलन, ‘एनीव्हेअर’ आणि मग जागा सोडून कंपनीचं नाव लिहा. आता स्पॅम आणि ट्रॅश धरून सगळीकडे शोधलं जातं.

पाच, आयफोनवाल्यांसाठी. ॲपलच्या मेल ॲपमध्ये ‘मेलबॉक्सेस’ची यादी उघडा आणि ‘एडिट’ दाबा. तिथे ‘अनरेड’, ‘फ्लॅग्ड’, ‘टुडे’, ‘अटॅचमेंट्स’ असे तयार पर्याय असतात. हवे त्यांवर खूण करा आणि ओढून वर घ्या. तुमचा एखादा ठरावीक फोल्डरही ‘ॲड मेलबॉक्स’मधून याच यादीत आणता येतो. आउटलुकचं ॲप वापरत असाल तर तिथे फोल्डर ‘फेव्हरिट’ करता येतो, मग तो यादीत वर दिसतो.

आणि आता ती न वाजलेली घंटी. अँड्रॉइडच्या जीमेल ॲपमध्ये सेटिंग्जमध्ये जा, तुमचं खातं निवडा, ‘मॅनेज लेबल्स’ उघडा आणि हवं ते लेबल दाबा. आधी ‘सिंक मेसेजेस’मध्ये किती मेल फोनवर आणायचे ते ठरवा, मग त्या लेबलाची नोटिफिकेशन चालू करा. सिंक बंद असेल तर नोटिफिकेशन चालू होत नाही, म्हणून हा क्रम पाळा. सिंकचा आणखी एक फायदा म्हणजे मेल आधीच फोनवर असल्यामुळे लेबल उघडताना वाट बघावी लागत नाही.

लॅपटॉपवर: माउस सोडा

लॅपटॉपवर काम आणखी झटपट होतं, कारण तिथे कळा आहेत. फक्त जीमेलमध्ये त्या आधी चालू कराव्या लागतात. ब्राउझरमध्ये जीमेल उघडा, वरचं दात्यांचं चाक दाबा, ‘सी ऑल सेटिंग्ज’, मग ‘जनरल’मध्ये खाली ‘कीबोर्ड शॉर्टकट्स’. ते ‘ऑन’ करा आणि पानाच्या तळाशी जाऊन बदल सेव्ह करा. हे शेवटचं बटण अनेक जण दाबत नाहीत आणि मग म्हणतात, चालतच नाही!

आता कीबोर्ड इंग्रजीवर ठेवा. सगळ्या उड्यांची पहिली कळ एकच, जी. ‘गो’मधला जी. ती दाबून सोडा, मग दुसरी कळ दाबा. दोन्ही एकत्र दाबायच्या नाहीत, एकामागून एक.

- जी, मग आय: इनबॉक्स
- जी, मग एस: स्टार्ड
- जी, मग टी: पाठवलेले मेल
- जी, मग डी: ड्राफ्ट्स
- जी, मग ए: ऑल मेल
- जी, मग एल: लेबल. यानं सर्चपट्टीत ‘लेबल’ हा शब्द आपोआप येतो, पुढे तुम्ही नावाची पहिली काही अक्षरं लिहायची आणि सुचवलेल्यातून निवडायचं.

सेंटसाठी टी का? एस स्टार्डनं आधीच घेतला आहे. एवढं लक्षात ठेवलं की गोंधळ होत नाही. आणि काहीच आठवलं नाही तर प्रश्नचिन्ह दाबा, म्हणजे शिफ्टसकट. सगळ्या कळांची यादी समोर उघडते.

ऑफिसात विंडोजवरचं जुनं, म्हणजे क्लासिक आउटलुक असेल तर कंट्रोल आणि वाय एकत्र दाबा. फोल्डर निवडायची खिडकी उघडते. नावाचं पहिलं अक्षर दाबलं की निवड त्या फोल्डरावर जाते, मग एंटर. कुठेही असाल तरी कंट्रोल, शिफ्ट आणि आय दाबलं की परत इनबॉक्स. जे फोल्डर रोज लागतात त्यांच्यावर उजवी क्लिक करून ‘ॲड टू फेव्हरिट्स’ करा, ते डावीकडे सगळ्यात वर जमतात.

मॅकवर ॲपलचं मेल असेल तर फेव्हरिट्समधल्या पहिल्या नऊ मेलबॉक्सना कमांड आणि एक ते नऊ आकडे मिळतात. कमांड-एक म्हणजे पहिला, कमांड-दोन म्हणजे दुसरा. इथे क्रम महत्त्वाचा, म्हणून नेहमीचे फोल्डर आधी लावा.

थंडरबर्ड वापरणाऱ्यांना एन ही एकच कळ पुरते. ती पुढच्या न वाचलेल्या मेलवर नेते. या फोल्डरातले संपले की विचारते, दुसऱ्या फोल्डरात न वाचलेला आहे, तिकडे जायचं का? म्हणजे फोल्डर आपण शोधायचाच नाही. ज्यात काही नवीन आहे तिथे आपोआप पोहोचतो.

मुळात फोल्डर हवेत किती?

काही जणांकडे चाळीस-पन्नास फोल्डर असतात. प्रत्येक क्लाएंटचा एक, प्रत्येक विषयाचा एक, ‘इतर’ नावाचा एक आणि ‘इतर नवीन’ नावाचा आणखी एक! त्यांना मी सांगेन, कळा नंतर शिका, आधी फोल्डर कमी करा.

याला आधार आहे. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये एक अभ्यास मांडला होता. ३४५ लोक जुना मेल परत कसा शोधतात याच्या ८५ हजारांहून जास्त नोंदी त्यांनी तपासल्या. फोल्डरात जाऊन मेल शोधायला सरासरी जवळपास एक मिनिट लागत होतं, सर्च करून साधारण १७ सेकंद. आणि ज्यांनी मन लावून खूप फोल्डर केले होते त्यांना मेल सापडण्यात काही विशेष जास्त यश मिळत नव्हतं.

मग फोल्डर बंदच करायचे का? नाही. सर्च तेव्हाच चालतं जेव्हा आपल्याला माहीत असतं की मेल आलेला आहे. ‘गेल्या वर्षीची फीची पावती’ सर्चनं मिळेल. पण जो मेल आलाय हेच माहीत नाही, त्यासाठी सर्चमध्ये लिहिणार काय? तिथे फोल्डरमध्ये डोकवावंच लागतं. म्हणून माझा हिशेब असा आहे: जुनं शोधायला सर्च, नवीन बघायला फोल्डर. नवीन जिथे येऊ शकतं तेवढेच फोल्डर ठेवा, बाकी सगळं अर्काइव्ह.

जीमेलमध्ये २०१३ पासून इनबॉक्सचेच वेगवेगळे टॅब आहेत, प्रायमरी, सोशल, प्रमोशन्स, अपडेट्स वगैरे. नोकरीच्या किंवा ॲडमिशनच्या धावपळीत असाल तर त्या दोन-तीन महिन्यांपुरते ते बंदच करून टाका. ॲपच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या खात्याखाली ‘इनबॉक्स कॅटेगरीज’ आहे, तिथल्या खुणा काढायच्या. जाहिराती जास्त दिसतील, दसरा-दिवाळीच्या सेलचे मेल डोक्यात जातील, पण सगळं एकाच यादीत येईल. स्पॅम मात्र तरीही वेगळंच राहतं.

रोजची अर्ध्या मिनिटाची फेरी

स्पॅमबद्दल एक आकडा पाठच करा, ३० दिवस. जीमेल स्पॅममधला मेल ३० दिवसांनी कायमचा काढून टाकतं, ट्रॅशमधलाही तसाच. म्हणजे महत्त्वाचं काही तिथे गेलं असेल तर ते शोधायला तुमच्याकडे जास्तीत जास्त महिनाभर आहे, आणि मुलाखतीची तारीख त्याच्या कितीतरी आधी निघून जाते.

म्हणून रात्री झोपताना किंवा सकाळच्या चहाबरोबर एक फेरी मारा. इनबॉक्स, तुमचं कामाचं लेबल, स्पॅम. स्पॅममध्ये नुसती नावं आणि विषय वाचायचे. कामाचा मेल दिसला तर उघडून ‘नॉट स्पॅम’ दाबा, म्हणजे तो इनबॉक्समध्ये येतो. पण जपून. स्पॅममधल्या मेलमधली लिंक तिथेच दाबू नका. नोकरीसाठी आधी पैसे भरा असं सांगणारा मेल तिथे असेल तर तो योग्य जागीच आहे, असू दे तिकडेच. शंका आली तर कंपनीच्या वेबसाइटवरचा पत्ता स्वतः शोधा आणि पाठवणाऱ्याचा पत्ता त्याच्याशी ताडून बघा.

आजचा गृहपाठ छोटा आहे. चार थांबे ठरवा, त्यातल्या कामाच्या लेबलाची नोटिफिकेशन चालू करा, आणि आत्ता, हा भाग बंद करायच्या आधी, सर्चपट्टीतून एकदा स्पॅममध्ये जाऊन या. काही सापडलं तर मला जरूर कळवा. ज्या मित्राचं किंवा मैत्रिणीचं सध्या नोकरीचं, ॲडमिशनचं काही चालू आहे, त्यांना हा भाग पाठवा. त्यांना गरज जास्त आहे.

पुढच्या भागात भेटू. तोपर्यंत काळजी घ्या!